बुद्धीची तालीम आणि तिचा हिशेब

वार्धक्यात बुद्धी मंदावली तर तो देहधर्म समजून स्वस्थ बसावे, की मल्लाने आखाड्यात अंग कमवावे तशी तीही कमवावी, या वादाचा रीतसर निकाल लावण्याचा एक मोठा प्रयत्न गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत झाला. ‘ॲक्टिव्ह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रयोगात बॉस्टन, डेट्रॉइट, बाल्टिमोर आदी सहा ठिकाणचे, ६५ ते ९४ वर्षे वयाचे सुमारे २८०० स्त्रीपुरुष दाखल झाले. कोणाची मर्जी चालू नये म्हणून यदृच्छेने त्यांच्या चार तुकड्या पाडून एकीला स्मरणाची, दुसरीला तर्काची, तिसरीला अवधानाच्या वेगाची तालीम देण्यात आली, आणि चौथीला तुलनेसाठी तशीच ठेवण्यात आले.

पाचसहा आठवड्यांत तासा-सव्वातासाचे दहा पाठ, एवढीच ती तालीम. स्मरणाच्या वर्गात याद्या गटवार लावून ध्यानात ठेवण्याच्या युक्त्या असत आणि तर्काच्या वर्गात अक्षरमालिकेतील क्रम ओळखून पुढचे अक्षर सांगायचे असे. वेगाच्या वर्गात संगणकाच्या पडद्यावर मध्यभागी मोटार किंवा ट्रक क्षणमात्र चमके, त्याच क्षणी कडेलाही एक चित्र उमटे, आणि मधले वाहन कोणते व कडेचे चित्र कोठे, ही दोन्ही उत्तरे बरोबर येऊ लागली की चित्र दिसण्याचा अवधी आणखी घटवला जाई.

तालीम संपताच वेगाच्या तुकडीतील ८७, तर्काच्या ७४, तर स्मरणाच्या अवघ्या २६ टक्के लोकांत खात्रीलायक सुधारणा आढळली. मात्र ज्याने जे गिरवले त्यातच तो सुधारला, तर्क घोटल्याने स्मरण बळावले असे झाले नाही. दहा वर्षांनंतर तर्क व वेग यांची कमाई शिल्लक होती, स्मरणाची सरली होती. तथापि औषधे वेळेवर घेणे, पैशांचे व्यवहार पाहणे अशा नित्यकर्मांत पूर्वीइतकेच समर्थ असल्याचे तालीम घेतलेल्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांनी सांगितले, तर न घेतलेल्यांत ते प्रमाण ५० टक्के होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात वेगाच्या तुकडीला स्मृतिभ्रंशाचा धोका २९ टक्क्यांनी कमी दिसला, परंतु ते निदान मुख्यतः मुलाखती व चाचण्या यांवरून ठरवलेले असल्याने त्यास अखेरचा निवाडा मानणे उतावीळपणाचे ठरेल.

तेव्हा सवयीने हात आपोआप चालवणारे कोडे रोज सोडवून निश्चिंत होऊ नये. जमू लागताच अवघड होत जाणारा अभ्यास निवडावा, आणि विस्मरण व्यवहारात आड येऊ लागले तर मात्र कोड्यांच्या भरवशावर न राहता वैद्यांकडे जावे.