गोमाशी : ओळख आणि छायाचित्रण

पावसाळ्याच्या दिवसांत जनावरे एकाएकी पाय आपटू लागली, शेपटीचे फटके थांबेनासे झाले, की अंगावर गोमाशी बसली असे जाणते गुराखी ओळखतात. ही माशी आपण सर्वांनीच पाहिली आहे. निरखून मात्र फार थोड्यांनी पाहिली असेल.

टॅबॅनिडी कुळातील या माशीची मादीच रक्त पिते. नर फुलांतील मधुरसावर जगतो. मादी सुरीसारख्या मुखांगांनी कातडी चिरते व वाहणारे रक्त टिपते. वेदनेने जनावर तिला हाकलते आणि ती अर्धपोटी दुसऱ्या जनावरावर बसते. मुखांगांना लागलेल्या ताज्या रक्तातून सर्रा रोगाचा परजीवी असा पसरतो. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने डेरा इस्माईल खान येथे घोडे व उंट यांच्या रक्तात तो शोधला. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय या नावात त्यांचे स्मरण आहे. हा रोग केवळ जनावरांचा मानला जाई. परंतु २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच परजीवी आढळला. या परजीवीला मारणारे, माणसाच्या रक्तात सहसा असणारे प्रथिन त्याच्या रक्तात नव्हते. उपचारांनी तो बरा झाला. म्हणून या माशीची ओळख हा केवळ छंदाचा विषय नव्हे.

प्रथम डोळे पाहावेत. ते डोक्याचा बहुतेक भाग व्यापतात. दोन्ही डोळे माथ्यावर एकमेकांना भिडलेले असतील तर नर; मध्ये फट असेल तर मादी. नंतर पंख पाहावेत. पंखाच्या टोकाशी एक शीर दुभंगते आणि तिच्या दोन शाखा टोकाला कवेत घेतात. पंखांवर राखी नक्षी असेल तर हीमॅटोपोटा. आडवा काळसर पट्टा व लांब शृंगिका असतील तर क्रायसॉप्स. धिप्पाड देह आणि बहुधा स्वच्छ पंख असतील तर टॅबॅनस, असा स्थूल अंदाज बांधता येतो. गोठ्यातील लहान चावऱ्या माशीची सोंड सुईसारखी पुढे आलेली असते. तिला गोमाशी समजू नये.

अनेक गोमाश्यांच्या डोळ्यांवरील हिरवे-जांभळे पट्टे मृत्यूनंतर लवकरच विझतात. टाचणीने टोचून ठेवलेल्या नमुन्यात ते दिसत नाहीत. जिवंत माशीचे छायाचित्र येथेच मोलाचे ठरते. त्यासाठी मोबाईलवर बसवायचे साधे मॅक्रो भिंगही पुरते. सकाळच्या गारव्यात माशी पानावर सुस्त बसलेली असते. आपली सावली तिच्यावर पडू न देता हळूहळू जवळ जावे. समोरून डोळ्यांचे, बाजूने शृंगिकांचे आणि वरून पंखांचे अशी तीन छायाचित्रे घ्यावीत. फ्लॅशपुढे पातळ पांढरा कागद धरल्यास चकाकी कमी होते. माशी जनावरावर असेल तर त्याच्या मागे उभे राहू नये.

छायाचित्रासोबत दिनांक, वेळ, गाव आणि माशी कशावर बसली होती याची नोंद करावी. स्थळकाळाची नोंद नसलेले साधन इतिहासाच्या अभ्यासकाला अपुरे वाटते. निसर्गाच्या अभ्यासातही तसेच आहे. केवळ छायाचित्रावरून नेमकी जाती पुष्कळदा ठरत नाही. अशा वेळी 'टॅबॅनस, जाती अनिश्चित' एवढेच लिहावे. जे दिसले तेवढेच लिहिणे, ही या अभ्यासातून विद्यार्थ्यांना लागणारी सर्वांत चांगली सवय होय.