जीप कुणाची, हप्ता कुणाचा?

आमच्या वस्तीत आता घरटी एक दुचाकी झाली आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने जाणाऱ्या माणसाला ती चैनीची वस्तू राहिलेली नाही. रात्री उशिरा पाळी सुटली की बस मिळत नाही आणि रिक्षा परवडत नाही. तेव्हा गाडी हवीच, आणि गाडी म्हटली की विमा आला. दरवर्षी विम्याचा कागद नवा करून आणणारा माणूस हमखास कुरकुरत घरी येतो. "गेल्या वर्षीपेक्षा जास्तच घेतले," हे त्याचे वाक्य ठरलेले. त्यावर एजंटाचे उत्तरही ठरलेले. "काय करणार भाऊ, लोक खोटे क्लेम करतात. कंपन्या तरी कुठून भरणार?"

हे उत्तर कितपत खरे, हे पाहण्याआधी आमच्या गल्लीतील एका वहिनींची हकिकत सांगतो. नाव सांगत नाही, त्यांचीच तशी इच्छा आहे.

वहिनींचे मालक अंबडला एका लहान कारखान्यात होते. वय बत्तीस. पावसाळ्याचे दिवस, दुसरी पाळी करून घरी येताना चिखलावरून गाडी घसरली आणि डोके दुभाजकावर आदळले. मागून येणाऱ्या दोघा कामगारांनीच त्यांना उचलून दवाखान्यात नेले. तिथल्या नोंदवहीत त्याच रात्री लिहिले गेले, "दुचाकी घसरून पडल्याने जखमी." तिसऱ्या दिवशी ते गेले. मागे वहिनी, दोन लेकरे आणि म्हातारी सासू.

जलदान विधीच्या दिवशी मंडळी जेवून उठत होती, तेव्हा एक गृहस्थ आले. अंगात पांढरा शर्ट, हातात फायलींची पिशवी. कुणाच्या तरी ओळखीने आले होते. वहिनींच्या दिराला बाजूला घेऊन म्हणाले, "गाडी आपोआप घसरली म्हणालात तर एक पैसा मिळणार नाही. जीप मी देतो. जीपचा विमा आहे, ड्रायव्हर तयार आहे, साक्षीदार तयार आहेत. वहिनींच्या चार सह्या लागतील. जे मिळेल त्यात निम्मे-निम्मे."

घरात कमावता माणूस राहिला नव्हता. दिराने होकार दिला. वहिनींनी कोऱ्या कागदांवर आणि वकीलपत्रावर सह्या केल्या. अपघातानंतर चाळीस दिवसांनी पोलिसांत फिर्याद गेली की, भरधाव जीपने धडक दिली!

आता हिशेब करून पाहू, म्हणजे त्या गृहस्थांना एवढी कळकळ का होती ते कळेल. अपघातात माणूस गेला तर त्याच्या कुटुंबाची भरपाई कशी मोजायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या दोन निकालांनी बरेचसे ठरवून दिले आहे. महिना १५,००० कमावणारा, बत्तीस वर्षांचा, कायम नोकरी नसलेला किंवा ठराविक पगारावरचा माणूस धरा. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे, झाले २१,०००. मागे खाणारी चार माणसे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले १५,७५०. वर्षाचे झाले १,८९,०००. बत्तीसाव्या वर्षासाठी सोळाने गुणायचे. ३०,२४,००० रुपये! वर अंत्यविधी वगैरेंची काही रक्कम निराळी.

खऱ्या विधवेला हे पैसे मिळालेच पाहिजेत. त्यासाठीच तर रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला विम्याची सक्ती आहे. पण ही रक्कम येते कुठून? जून २०२२ मध्ये सरकारने ठरवलेल्या दराप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ७१४ रुपये आहे. म्हणजे तीस लाखांचा एक दावा भागवायला सुमारे ४,२३५ दुचाकीवाल्यांचा वर्षभराचा हप्ता लागतो. तो दावा खोटा असला, तर चार हजारांवर कष्टकऱ्यांचे पैसे एका फायलीच्या पिशवीत गेले.

इथे हप्त्याविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे, कारण एजंटाचे उत्तर अर्धेच खरे आहे. विम्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीने दुसऱ्याला लागले तर त्याची भरपाई, हा थर्ड पार्टी भाग. कायद्याने सक्तीचा आहे तो एवढाच. आपल्या गाडीचे नुकसान किंवा चोरी, हा दुसरा भाग. त्या दुसऱ्या भागाचे दर २००७ पासून मोकळे झाले आणि कंपन्या आपापले दर लावू लागल्या. थर्ड पार्टीचा दर मात्र कंपनीच्या हातात नाही. तो आधी विमा नियामक प्राधिकरण ठरवी, २०२२ पासून केंद्र सरकार प्राधिकरणाच्या विचाराने जाहीर करते. देशभरात किती दावे द्यावे लागले हे पाहूनच हा दर बांधला जातो, तेव्हा खोटा दावा त्यात शिरतोच. पण गंमत अशी की आपल्या साध्या दुचाकीचा दर २०१९ मध्ये ७५२ होता, तो २०२२ मध्ये ७१४ झाला, म्हणजे उतरला. १५० ते ३५० सीसीच्या गाडीचा मात्र १,१९३ वरून १,३६६ झाला.

मग नव्या गाडीला एवढे पैसे का पडतात? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. दुचाकीचे हे पाच वर्षांचे २०१८ मध्ये ३,२८५ होते, २०२२ मध्ये ३,८५१ झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, मालकाचा वैयक्तिक अपघात विमा, गाडीच्या नुकसानीचा विमा, आणि शोरूमवाल्याने न विचारता घातलेली दोन-चार कलमे. ही कलमे वाचून घ्यावीत आणि नको ती काढायला लावावीत. सगळ्याच वाढीचे खापर खोट्या दाव्यांवर फोडणे एजंटाला सोयीचे असते.

तरीही खोट्या दाव्यांचा धंदा फार मोठा आहे. उत्तर प्रदेशात अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावे लागले. विमा कंपन्यांनी त्या पथकाकडे १,३७६ संशयित प्रकरणे दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे प्रकरण हाती घेतले, तेव्हा आरोपींत २८ वकिलांची नावे निघाली आणि तिथल्या वकील परिषदेला न्यायालयाने खडसावले. आपल्या नाशिक शहरात तर याहून भयंकर घडले. सप्टेंबर २०२१ मध्ये इंदिरानगर भागात एक माणूस रस्त्यावर मृत सापडला. अपघात म्हणून प्रकरण मिटले होते. सव्वा वर्षाने, डिसेंबर २०२२ मध्ये पोलिसांनी आरोप ठेवला की चार कोटींच्या विम्यासाठी त्याचा खून करून अपघाताचा देखावा उभा केला होता. तो आयुर्विम्याचा मामला होता, पण अपघाताच्या कागदाला केवढी किंमत आली आहे, हे त्यावरून समजावे.

विलायतेतही हेच. तिथे मुद्दाम गाडीवर गाडी आदळून मान दुखावल्याचे दावे एवढे वाढले की मे २०२१ पासून मानेच्या दुखापतीची भरपाई ठराविक दरपत्रकाला बांधली गेली. लबाडी करणाऱ्यांबरोबर ज्यांची मान खरोखर दुखावली त्यांचीही भरपाई कमी झाली. आपल्याकडे दरपत्रक नाही, पण संशय आहे. फिर्यादीला आठ दिवस उशीर झाला, साक्षीदार नात्यातला निघाला, की खऱ्या विधवेलाही उलटतपासणीत खोटी ठरवण्याचा प्रयत्न होतो. आणि फिर्यादीला उशीर कुणाच्या घरी होतो? ज्यांच्या घरी पोलीस ठाण्यात जायला माणूस नसतो त्यांच्याच.

वहिनींचे काय झाले? कंपनीच्या तपास अधिकाऱ्याने दवाखान्याची पहिल्या रात्रीची नोंद काढली. "दुचाकी घसरून." जीपवर ओरखडा नव्हता. ज्या कामगारांनी उचलून नेले होते ते खोटे बोलायला तयार झाले नाहीत. दावा फेटाळला गेला, दिराला पोलीस ठाण्याच्या खेपा पडल्या. जीपचा ड्रायव्हरही आपल्यासारखाच गरीब. थोड्या पैशांसाठी त्याने परवाना पणाला लावला होता. पांढऱ्या शर्टवाल्याचा फोन लागेनासा झाला. दीड वर्ष गेले.

या दीड वर्षात त्या घराला कुणी एक साधा प्रश्न विचारला नव्हता. तो विचारला युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्याने. "वहिनी, भाऊंच्या पगारातून ई.एस.आय. कापत होते का?" पगाराच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या पेटीत होत्या. कापत होते.

वाचकांनी हे नीट लक्षात घ्यावे. कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना वाटेत अपघात झाला आणि वेळ, जागा, कारण यांचा कामाशी संबंध लागला, तर २०१० पासून तो कामावरचाच अपघात धरला जातो. गाडी आपोआप घसरली तरी. दुसऱ्या कुणाची चूक दाखवावी लागत नाही. कामगार दगावला तर कुटुंबाला मजुरीच्या ९० टक्के दराने पैसे मिळतात. महिना १५,००० पगार असला तर रोजचे ४५०, म्हणजे महिन्याला साडेतेरा हजारांच्या घरात. विधवेला ते पुनर्विवाह करीपर्यंत किंवा हयातभर. त्याखेरीज प्रॉव्हिडंट फंड कापला जात असेल तर त्याच्याशी जोडलेला विमा असतो, त्याची कमाल मर्यादा सात लाख आहे. आणि दुचाकीच्या विम्यात मालकाचा वैयक्तिक अपघात विमा घेतलेला असला, गाडी मालकाच्या नावावर आणि त्याच्याकडे परवाना असला, तर १५ लाख निराळे. "एक पैसा मिळणार नाही" म्हणणाऱ्याला हे माहीत नसेल असे मला वाटत नाही. या रकमांत त्याला निम्मे मिळणार नव्हते.

वहिनींनी अर्ज केला, तेव्हा कचेरीतल्या साहेबांनी विचारले, "पोलिसांत जीपने धडक दिली म्हणता, इथे गाडी घसरली म्हणता. खरे कोणते?" प्रश्न रास्तच होता. उत्तर देताना वहिनींना रडू आवरले नाही.

दुसऱ्या गाडीने खरोखर ठोकले आणि ती पळून गेली, नंबर कुणी पाहिला नाही, असेही पुष्कळदा होते. तेव्हाही दलाल नंबर घेऊन येतात. अशा अपघातासाठी सरकारची योजना आहे. एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमीला ५०,००० मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा. ही योजना फार थोड्यांना ठाऊक आहे. गाडी सापडली असेल, तर अपघाताची पहिली माहिती पोलिसांनी ४८ तासांत विमा कंपनीला आणि दावा न्यायाधिकरणाला कळवायची असते. ती गेली का, हे विचारायला लाजू नये. दाव्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत टाकावा. वकील न परवडल्यास जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या माणसाला तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

आणखी एक गोष्ट, रिक्षा-टेम्पोवाल्या भावांसाठी. रस्त्याकडेच्या टपरीवर स्वस्तात निघणारा विमा नीट तपासून घ्या. रिक्षाचा नंबर घालून दुचाकीचा स्वस्त विमा काढायचा आणि कागदावर अक्षरे बदलून तीनचाकीचा म्हणून द्यायचा, अशी लबाडी चालते. कागदावरचा चौकोनी कोड मुलांना मोबाईलवर तपासायला सांगा, किंवा सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. विमा नसताना पकडले गेले तर पहिल्यांदा २,००० दंड आहे. पण त्या गाडीखाली कुणी सापडले तर भरपाई मालकाच्या घरादारावर येते, आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. मालाच्या टेम्पोतून सहा डिसेंबरला किंवा लग्नाला माणसे नेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे की त्या माणसांना टेम्पोच्या विम्याचे संरक्षण नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच तसे सांगितले आहे. मग अपघातानंतर वऱ्हाडी मंडळींना हमाल म्हणून दाखवायची पाळी येते, आणि पुन्हा कुणीतरी फायलींची पिशवी घेऊन हजर होतो.

वहिनींचे पैसे शेवटी सुरू झाले. दवाखान्याची तीच पहिल्या रात्रीची नोंद, जिच्यामुळे खोटा दावा बुडाला, तीच खऱ्या हक्काला उपयोगी पडली. मागच्या महिन्यात त्या पासबुक दाखवायला आल्या होत्या. मोठा मुलगा आता आयटीआयला जातो. जाताना त्या म्हणाल्या, "भाऊ, परवा शेजारच्या गल्लीत एक मयत झाली. तो पांढरा शर्टवाला तिथे बसलेला दिसला. मी आत जाऊन त्या बाईच्या कानात सांगून आले, सही करू नको."