चारचाकी घेण्यापूर्वी शिलकीचा हिशोब

मानवतच्या बाजारात कापूस विकून पैसा हाती आला की अनेक घरांत चारचाकीचा विषय निघतो. ही नेहमी चैनच असते असे नाही. दवाखाना, मुलांचे शिक्षण, परभणीची कामे यांसाठी गाडी उपयोगी पडते. प्रश्न एवढाच की, किती किमतीची गाडी आपल्याला झेपेल? कर्ज किती मिळेल हे बँक सांगते. हप्ता किती झेपेल हे मात्र आपणच काढावे लागते.

नोकरदाराचा पगार दरमहा येतो आणि हप्ताही दरमहा जातो. शेतकऱ्याचा पैसा वर्षातून एक-दोनदा येतो आणि दरवर्षी सारखा येत नाही. २०२२ च्या सुरुवातीस कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या पुढे गेला होता. २०२३-२४ च्या हंगामात तो ७,००० रुपयांच्या आसपास आला. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. भाव पडला किंवा पीक पाण्यात गेले तरी हप्ता कमी होत नाही. म्हणून एका चांगल्या वर्षाकडे पाहून गाडीची किंमत ठरवू नये. हिशोब पुढीलप्रमाणे करावा.

१) तीन वर्षांची शिल्लक काढावी

समजा, १६ एकर जमीन आहे. ८ एकर कपाशी व ८ एकर सोयाबीन. लागवड खर्च ३,६०,००० आणि घरखर्च २,००,००० मिळून दरवर्षी ५,६०,००० रुपये लागतात.

चांगले वर्ष : कापूस ६४ क्विंटल, भाव १०,०००, सोयाबीन ७२ क्विंटल, भाव ६,०००. उत्पन्न १०,७२,०००, शिल्लक ५,१२,००० रुपये.

मध्यम वर्ष : कापूस ५२ क्विंटल, भाव ७,५००, सोयाबीन ५६ क्विंटल, भाव ४,५००. उत्पन्न ६,४२,०००, शिल्लक ८२,००० रुपये.

वाईट वर्ष : कापूस ४० क्विंटल, भाव ७,०००, सोयाबीन ४० क्विंटल, भाव ४,२००. उत्पन्न ४,४८,०००, तूट १,१२,००० रुपये.

तूट वजा जाता तीन वर्षांची निव्वळ शिल्लक ४,८२,००० रुपये राहते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. त्यांच्या जागी आपल्या वहीतील व आडतीच्या पट्टीवरील आकडे घालावेत.

२) वापराचा खर्च वजा करावा

वर्षाला ६,००० किलोमीटर फिरणे आणि लिटरला १५ किलोमीटर धरल्यास ४०० लिटर पेट्रोल लागते. १०५ रुपये दराने ४२,००० रुपये होतात. विमा, सर्व्हिसिंग, टायर व दुरुस्ती यांचे ३३,००० धरल्यास वर्षाला ७५,००० आणि तीन वर्षांत २,२५,००० रुपये खर्च येतो. उरतात २,५७,०००. त्यातून आजारपण व लग्नकार्यासाठी ५७,००० बाजूला ठेवले तर गाडीच्या किमतीसाठी २,००,००० रुपये राहतात.

३) हप्ता त्यात बसतो का ते पाहावे

सहा लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतल्यास महिन्याला सुमारे १२,७५० रुपये हप्ता पडतो. तीन वर्षांत ४,५९,००० रुपये जातात आणि आपल्याकडे आहेत २,००,०००. म्हणजे चांगल्या वर्षी सहज वाटणारे हे कर्ज या कुटुंबाला झेपणारे नाही. त्यांनी दोन लाखांच्या आतील चांगली जुनी गाडी रोखीने घ्यावी. हप्त्यानेच घ्यायची असल्यास सुरुवातीची रक्कम व तीन वर्षांचे हप्ते मिळून दोन लाखांच्या वर जाऊ देऊ नयेत, आणि एका वर्षाच्या हप्त्यांइतकी रक्कम चांगल्या वर्षीच मुदत ठेवीत टाकावी.

४) भाड्याच्या गाडीशी तुलना करावी

वर्षाला २,००० किलोमीटरच फिरणे असेल तर किलोमीटरला १५ रुपये दराने भाड्याचे ३०,००० रुपये होतात. स्वतःच्या गाडीच्या विमा-दुरुस्तीलाच ३३,००० लागत असतील तर भाड्याची गाडी परवडते.

५) ही दक्षता घ्यावी

पीक कर्जाची उचल गाडीकडे वळवू नये. वेळेवर परतफेड केल्यास तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर व्याजात सवलत मिळते. थकबाकी झाली की ही सवलत जाते आणि पुढील कर्जही अडते. पुढच्या पेरणीचे बी-खत बाजूला काढल्याशिवाय गाडीला हात घालू नये. जुनी गाडी घेताना नोंदणी पुस्तक, विमा आणि त्यावर बँकेचा बोजा आहे काय, हे तपासून मगच पैसे द्यावेत.

गाडीची किंमत दरवर्षी घटते, जमिनीत केलेली सुधारणा मात्र उत्पन्न देत राहते. विहीर, ठिबक किंवा बांधबंदिस्तीचे काम राहिले असेल तर आधी ते करावे. वाईट वर्षातही ज्या गाडीसाठी सावकाराचे दार ठोठवावे लागणार नाही, तीच आपल्याला परवडणारी गाडी होय.