गेम मास्टर
गेम मास्टर : भूमिकाखेळात कथानक चालविणारा व नियमांचा निवाडा करणारा सूत्रधार. इतर खेळाडू एकेका पात्राची भूमिका करतात. उरलेले सर्व जग याच्या हाती असते. या पदाचे मूळ प्रशियन सैन्यातील युद्धखेळात आहे. लेफ्टनंट राइसव्हित्स यांच्या १८२४ च्या नियमांनुसार पंच फासे व कोष्टके पाहून हानी ठरवीत असे. नियमांचा हा पसारा जाचक वाटू लागल्याने व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा यांनी १८७६ मध्ये तो बाजूस सारून निर्णय अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपविला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या अमेरिकन खेळात फासेही आहेत आणि विवेकालाही वाव आहे. झुंबराची दोरी कापून ते शत्रूवर पाडावे, असे एखाद्या खेळाडूने ठरविले व पुस्तकात त्याचा नियम नसला, तर गेम मास्टर तेथल्या तेथे नियम करतो. काही जण पडद्याआड फासा टाकून, आवडते पात्र वाचविण्यासाठी, पडलेले दान बदलतात. ही सवलत दयाळूपणाची खरी. पण तिचा सुगावा लागताच खेळाडूंना पुढचा प्रत्येक धोका लटका वाटू लागतो. म्हणून कित्येक गेम मास्टर फासे सर्वांसमक्षच टाकतात.