व्यसनमुक्ती केंद्रात काय होतं, आणि घरी आल्यावर काय करायचं

घरातल्या कुणाला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करायचं ठरलं की घरचे पहिल्यांदा विचारतात, "किती दिवसांत बरा होईल?" हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण केंद्रात फक्त दारू किंवा गर्द थांबतं. त्याशिवाय जगायचं कसं, हे माणूस घरी आल्यावर शिकत जातो. त्यामुळे दाखल करण्याच्या तयारीइतकीच परतल्यानंतरची तयारीही आपण आधीपासून करायला हवी.

सगळ्यात मोठा धोका सुरुवातीलाच असतो. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम तोडू नये. दारूला सरावलेल्या शरीराला ती अचानक मिळेनाशी झाली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. डॉक्टर याला विड्रॉल म्हणतात आणि गर्द घेणारी मुलं 'टर्की'. दारूच्या विड्रॉलमध्ये पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, भिंतीवर किडे चालताना दिसतात, आपण कुठे आहोत हेही कळत नाही. काही घरांत ही बाहेरची बाधा समजून अंगारा लावला जातो आणि त्यात मोलाचे तास जातात. ही अवस्था जिवावर बेतू शकते, त्यामुळे अशा वेळी माणसाला थेट रुग्णालयात न्यावं.

दुसरी चूक म्हणजे चहात किंवा भाजीत न सांगता औषध मिसळणं. डायसल्फिराम नावाची गोळी घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येऊ शकतो. ती सुरू करायची तर डॉक्टरांनी तपासून, पेशंटला सगळं समजावून आणि त्याच्या संमतीनेच करावी लागते. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. काही खोकल्याच्या औषधांत आणि आयुर्वेदिक आसव-अरिष्टांतही मद्यार्क असतो. पेशंटला गोळीबद्दल काही माहीतच नसेल, तर तो ती औषधं टाळणार कशी?

आता केंद्राची निवड. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही मानसिक आजारांत धरले आहेत. त्यामुळे केंद्राची सरकारी नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ येतात का, रात्री फिट आली तर काय सोय आहे, हे आपण स्पष्ट विचारावं. कायद्यानुसार पेशंटला साखळीने बांधता येत नाही आणि सक्तीने त्याचं मुंडण करता येत नाही. त्याला स्वतःचे कपडे घालता येतात. "महिनाभर भेटायला येऊ नका, फोनही करू नका" असं कुणी सांगितलं, तर त्याचं कारण विचारावं. पटेल असं उत्तर मिळालं नाही, तर दुसरं केंद्र बघावं.

पैसे घेऊन रात्री चार माणसं पाठवणारी आणि पेशंटला गाडीत कोंबून नेणारी केंद्रंही आहेत. घरचे किती टेकीला आले की हा मार्ग पत्करतात, याची मला कल्पना आहे. तरीही तो टाळावा. इच्छेविरुद्ध दाखल करायला कायद्यात वेगळे निकष आहेत आणि त्यासाठी आधी तज्ज्ञांनी तपासावं लागतं. शिवाय फसवून नेलेला माणूस उपचाराचे अर्धे दिवस घरच्यांवरच्या रागातच घालवतो.

दाखल झाल्यावर पहिले काही दिवस शरीर सावरण्याचे असतात. विड्रॉलचा त्रास कमी करणारी औषधं देतात आणि ती हळूहळू उतरवतात. खूप पिणाऱ्यांच्या शरीरात ब-1 जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं आणि त्याच्या अभावी मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून तेही सुरुवातीलाच देतात. या दिवसांत पेशंट घरी नेण्यासाठी गयावया करतो, शपथा घेतो. बरीच कुटुंबं इथेच विरघळतात. केंद्रात काही गैर चाललं असेल तर गोष्ट वेगळी. पण केवळ रडण्यामुळे घरी आणलं, तर उपचार सुरू होण्याआधीच थांबतो.

त्यानंतरचं काम मनाचं. पुण्याच्या येरवड्यातल्या मुक्तांगणचं उदाहरण घेऊ. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ते सुरू केलं. तिथला निवासी उपचार 35 दिवसांचा. अशा केंद्रांत व्यायाम, कामाच्या पाळ्या, समुपदेशन आणि गटचर्चा असा दिवस आखलेला असतो. वेळेवर उठून अंथरुणाची घडी घालणं, दहा जणांची भांडी घासणं हाही उपचाराचाच भाग, कारण व्यसनात सगळ्यात आधी विस्कटते ती दिनचर्या. आणि गटात समोर बसलेला माणूस स्वतः त्यातून गेलेला असला, की त्याच्यापुढे थापा चालत नाहीत.

घरच्यांसाठीही बैठका असतात. "आम्ही थोडेच पितो?" म्हणून त्या टाळू नयेत. साहेबांना फोन करून तो आजारी असल्याचं सांगणं, त्याची उधारी गुपचूप फेडणं, हे आपण प्रेमापोटी करतो. पण त्यामुळे व्यसनाची झळ त्याच्यापर्यंत पोचतच नाही. हे थांबवायचं कसं, ते या बैठकांत शिकायला मिळतं.

उपचार संपल्यावर काहींना लगेच घरी जाणं झेपत नाही. त्यांच्यासाठी अर्ध्या वाटेवरचं घर उपयोगी पडतं. तिथे व्यसन सोडलेली माणसं एकत्र राहतात, कामाला जातात आणि घराचे नियम पाळतात. अमेरिकेत 1975 मध्ये मेरीलँड राज्यात सुरू झालेलं ऑक्सफर्ड हाउस याच धर्तीवर चालतं. भाडं सगळे मिळून भरतात, निर्णय मतदानाने घेतात आणि पुन्हा व्यसन केलं तर घर सोडावं लागतं. आपल्याकडे अशी सोय कमी आहे. त्यामुळे तिचं काम बहुतेक वेळा आपल्या घरालाच करावं लागतं.

ते कसं? घरातल्या बाटल्याच नव्हे, पिण्याचे ग्लासही काढून टाकावेत. पहिले काही महिने पगार कुणाच्या हाती राहील, हे त्याच्याशी बोलून ठरवावं. स्टेशनवरून घरी येताना वाटेत बार लागत असेल, तर दुसरा रस्ता धरावा. गटारी, थर्टी फर्स्ट, मित्राच्या लग्नाची वरात, या दिवशी कुठे असायचं हे आधीच ठरलेलं असावं. रोज तोंडाचा वास घेणं आणि खिसे तपासणं मात्र सोडून द्यावं. विश्वास बसायला वेळ लागेल, आणि आपण तसं त्याला सरळ सांगू शकतो.

संध्याकाळची रिकामी वेळ सगळ्यात कठीण जाते. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे 'एए'च्या बैठका त्यासाठीच आहेत. तिथे फी नसते आणि आडनाव विचारत नाहीत. तुळशीची माळ घालून दारू सोडलेली माणसं आपल्याकडे गावोगावी आहेत आणि त्या श्रद्धेचा आधार मोठा आहे. फक्त माळ घातली म्हणून गोळ्या आणि केंद्रातली पाठपुराव्याची भेट बंद करू नये. "लग्न लावून द्या, सुधारेल" हा सल्ला मात्र अजिबात ऐकू नये. त्यात एका मुलीचं आयुष्य पणाला लागतं.

इतकं करूनही पाय घसरू शकतो. एकदा प्यायला म्हणून सगळं वाया गेलं, असं समजू नये. त्याच दिवशी केंद्राला फोन करावा. शरमेपायी आठवडा गेला की एका पेगाच्या पुन्हा बाटल्या होतात. गर्द घेणाऱ्यांच्या बाबतीत तर जास्तच सावध राहावं लागतं. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि पूर्वीचाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. माणूस हलवूनही जागा होत नसेल, श्वास मंदावला असेल, तर "झोपू दे" म्हणू नये, 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. बाकी सल्ल्यासाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस 14416. पेशंट स्वतः बोलायला तयार नसला, तरी घरच्यांनी फोन करायला हरकत नाही.