बशी ते बटण

माझा धंदा वायरिंगच्या कंत्राटाचा, गाव जळगाव. त्यामुळे चिनी मातीशी ओळख झाली ती कपबशीपेक्षा किटकॅट फ्यूजमुळे. भाची फ्रान्समध्ये लिमोजला सिरॅमिक इंजिनिअरिंग शिकते, म्हणून तिकडे जाणं झालं. लोक या शहरात महागडे डिनरसेट बघायला येतात, मला तिथे माझ्या धंद्याचं मूळ सापडलं.

मध्य फ्रान्समधलं, व्हिएन नदीकाठचं हे शहर रोमनांनी वसवलेलं. मध्ययुगात ते तांब्यावरच्या मीनाकामासाठी नावाजलेलं होतं. नशीब फळफळलं ते 1768 च्या सुमारास. दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवरच्या सेंट इरिएला एक पांढरीशुभ्र माती सापडली. तिथल्या एका शल्यवैद्याची बायको म्हणे ती कपडे धुवायला वापरायची. ती निघाली केओलिन, म्हणजे अस्सल पोर्सिलेनची मूळ माती. 1771 मध्ये लिमोजला पहिला कारखाना निघाला. माती जवळची, पाणी नदीचं आणि भट्टीचं सरपणही नदीच आणून द्यायची. वरच्या जंगलात तोडलेले ओंडके प्रवाहात सोडायचे आणि शहरापाशी अडवायचे. 1842 मध्ये डेव्हिड हॅविलँड हा न्यूयॉर्कचा व्यापारी इथे आला आणि लिमोजचा माल अमेरिकेच्या घराघरांत पोचला. कामगारही जागरूक होते. सेजेटे ही फ्रान्सची मोठी कामगार संघटना 1895 मध्ये इथेच स्थापन झाली.

कासो भागात त्या काळातली एक गोल भट्टी जपून ठेवली आहे. उंची जवळजवळ 20 मीटर. खालच्या मजल्यावर झिलई दिलेला माल 1400 अंशांच्या आसपास भाजायचा, आणि वर चढणाऱ्या त्याच धगीवर वरच्या मजल्यात कच्चा माल हजारेक अंशांना. राख-धूर लागू नये म्हणून भांडी जाड मातीच्या डब्यांत ठेवत आणि डब्यांच्या उतरंडी थेट छतापर्यंत रचत.

भाचीने एक बशी उजेडात धरून मागे हात नेला, तर तिची बोटं आरपार दिसली. टिचकी मारली, तर खणखणीत आवाज. तिने कारण सांगितलं: केओलिनमध्ये फेल्डस्पार आणि क्वार्ट्‌झ मिसळतात. भट्टीत फेल्डस्पार वितळून कणांमधल्या फटी बुजवतो, त्यामुळे भाजलेल्या नगात पाण्याला शिरकावच उरत नाही. वायरमनला याहून काय हवं? पावसाळ्यात जुन्या वाड्यातला लाकडी बोर्ड ओल धरतो, त्याला हात लावायची भीती वाटते. त्यावरचं पोर्सिलेनचं किटकॅट मात्र ओल धरत नाही, वीज वाहू देत नाही आणि तार जळाली तरी स्वतः पेटत नाही.

लिमोजमधल्या लेग्रँडने 1919 मध्ये हेच हेरलं. तोवर हा कारखाना भांडी करायचा, आता त्याने पोर्सिलेनची विजेची बटणंही करायला घेतली. 1949 मध्ये तिथे मोठी आग लागली. त्यानंतर मालकांनी भांड्यांचा नाद सोडला आणि सगळी ताकद विजेच्या सामानावर लावली. पुढे बटणात प्लॅस्टिक आलं, पण कंपनीचं मुख्यालय अजून लिमोजलाच आहे. तिचा एक कारखाना आमच्या जळगावच्या एमआयडीसीत आहे. तिच्या एमसीबी मी गावभर बसवल्या, पण ही कंपनी मुळात कपबशीवाल्यांची, हे कळायला लिमोज गाठावं लागलं.

भांड्यांचा धंदाही बुडालेला नाही. 1863 पासूनची बेर्नार्दो कंपनी आजही इथे ताटं-वाट्या करते, आणि 2017 मध्ये ‘लिमोजचं पोर्सिलेन’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. भाचीचं कॉलेज 1979 मध्ये पॅरिसजवळच्या सेव्हरहून इथे हललं. त्याच्या आसपास आता वेगळीच सिरॅमिक मंडळी आहेत. कोणी थ्रीडी प्रिंटरवर सिरॅमिकचे सुटे भाग छापतं, तर कोणी हाडाच्या जागी बसवायला सच्छिद्र अॅल्युमिनाचे तुकडे घडवतं. इथे पोर्सिलेनचं गणित उलटं होतं, कारण हाडाच्या पेशींना आत शिरायला भोकं हवीच असतात.

कारागिरांच्या गावांबद्दल आपण बोलतो ते कला जपण्याबद्दल. लिमोजने नक्षी जपलीच, शिवाय आपली माती आणखी काय काय करू शकते, हे विचारत राहिलं. आमच्या धंद्यातली पोरं युरोपला गेली की आयफेल टॉवरचे फोटो पाठवतात. त्यांना मी आता सांगतो, एक दिवस काढा आणि कासोची भट्टी बघून या.