मोटारीचा मेंदू आणि घरचा मिस्त्री

कामगार चळवळीतल्या माणसाने वसंतातील व्याख्यानासाठी मोटारीच्या इंजिनाचा विषय घ्यावा, याचे काही मंडळींना नवल वाटले. बोनस, महागाईभत्ता, फार तर घरांचा प्रश्न, एवढीच आमची सरहद्द अशी समजूत दिसते. परंतु कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना एके काळी जे कारखाने उभे होते, त्यांपैकी एकात आमची उमेदवारी झाली. आठवीनंतरचे आमचे जे काही शिक्षण झाले ते तिथल्या लेथवर आणि रात्री उसन्या आणलेल्या पुस्तकांवर. शिवाय हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. तो आमच्या दारात आला.

आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा मुलुंडला राहतो. नोकरी संगणकाची, आणि मोटार जुनी घेतलेली, डिझेलची. एका रविवारी सोसायटीच्या आवारात तो मोटारीत बसला होता. मांडीवर लॅपटॉप, आणि त्याची वायर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला जोडलेली. आम्ही विचारले, "काय रे, काय बिघडले?" तो म्हणाला, "काका, बिघडले काही नाही. पिकअप वाढवतोय." बॉनेट बंद, हाताला तेल नाही, पाना नाही की पेचकस नाही, आणि हा इंजिनाची ताकद वाढवतो आहे! आम्ही शेजारच्या सीटवर जाऊन बसलो आणि दुपारपर्यंत उठलो नाही.

आधी जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात तयार झालेली पद्मिनी या शहराची टॅक्सी म्हणून दोन पिढ्या धावली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली. त्या गाडीत हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण कार्बोरेटर करी, आणि कार्बोरेटरला वळण लावी तो मिस्त्री. प्लग काढून तो उजेडात धरी. काजळी धरलेला काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा फटक म्हणजे पेट्रोल कमी, विटकरी म्हणजे गाडी खुशीत. मग स्क्रू पाव आटा आत किंवा बाहेर, आणि कान इंजिनाकडे. ही विद्या कोठे लिहिलेली नव्हती. ती हातातून हातात गेली.

ती विद्या मागे पडली ती धुरामुळे. पेट्रोल पुरते जळण्यास एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. धूर साफ करण्यासाठी सायलेन्सरच्या वाटेवर जे रासायनिक भांडे बसवितात, ज्याला गॅरेजात 'कॅट-कॉन' म्हणतात, ते या प्रमाणाच्या अगदी जवळपासच नीट काम करते. इतका बारीक हिशेब सतत राखणे स्क्रूच्या आवाक्याबाहेरचे होते. बॉश कंपनीचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन १९६७ साली फोक्सवागेनच्या मोटारीत आले. आपल्याकडे २००० साली धुराचे 'भारत स्टेज' नियम देशभर लागू झाले, मुंबईत २०१० साली चौथी पायरी आली आणि २०२० च्या एप्रिलपासून देशभर सहावी. एकेका पायरीबरोबर कार्बोरेटर हद्दपार होत गेला आणि त्याच्या जागी अॅल्युमिनियमची एक डबी आली. हाच मोटारीचा मेंदू.

हा मेंदू करतो काय? इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा इंधन द्यावयाचे असते. चार सिलिंडर धरले तर १०० वेळा. दर वेळी किती द्यावे आणि पेट्रोलच्या गाडीत ठिणगी नेमकी केव्हा पाडावी, हे तो ठरवितो. विचार करण्यास त्याला सवड नसते, म्हणून उत्तरे आधीच लिहून ठेवलेली असतात. जुन्या पेढीवरचे रेडी-रेकनर आठवा: उभ्या रकान्यात मुद्दल, आडव्या ओळीत मुदत, आणि जिथे दोन्ही मिळतात तिथे व्याज. तद्वत इथे एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला त्याच्यावर पडलेला भार, आणि मधल्या चौकोनात इंधनाचा आकडा. असे शेकडो तक्ते त्या डबीत असतात. हवा किती आत आली, पाणी किती तापले, धुरात ऑक्सिजन किती उरला, हे सेन्सर कळवितात आणि तक्त्यातला आकडा त्याप्रमाणे थोडा कमीजास्त होतो.

आता घरबसल्या मोटार 'ट्यून' करणे म्हणजे काय ते ध्यानात येईल. सॉकेटमधून ही सारी नोंद लॅपटॉपवर उतरवून घ्यावयाची. विनओल्स, ट्यूनरप्रो अशा प्रणालींत उघडली की ती आकड्यांच्या रानासारखी दिसते. त्यातून तक्ते हुडकून काढावयाचे, हवे ते आकडे बदलावयाचे, बेरीज-ताळा पुन्हा जमवावयाचा, कारण ताळा चुकला तर डबी नोंद स्वीकारीत नाही, आणि सारे पुन्हा आत लिहावयाचे. मेगास्क्वर्टसारखे मेंदू तर हौशी लोक सुटे भाग जोडून स्वतःच तयार करतात. आमच्या मते हे शिक्षण उत्तम आहे. आम्हांला तरुणपणी असे यंत्र मिळाले असते तर आम्ही जेवणाची सुट्टी विसरलो असतो.

पण मुलाने एक वाक्य टाकले, तिथे आम्ही थबकलो. तो म्हणाला, "काका, कंपनीने मुद्दाम ताकद राखून ठेवलीय. आपण ती फक्त मोकळी करायची."

हे वाक्य आम्ही पूर्वी ऐकले होते. कारखान्यात रेट ठरविणारा साहेब स्टॉपवॉच घेऊन येई. कामगार दोन नगांमध्ये घाम पुसतो, पाठ सरळ करतो, एवढे त्याला दिसे, आणि तो लिहून घेई की या माणसात अजून ताकद शिल्लक आहे. शिल्लक होतीच! त्या शिलकीवर तर माणूस तीस वर्षे मशीनपाशी उभा राहत होता. इंजिनातली शिल्लकही पुष्कळशी याच जातीची. तीच गाडी राजस्थानच्या उन्हात चालायची आणि काश्मीरच्या थंडीत. कोणी भेसळीचे इंधन भरील, कोणी पाचांच्या जागी आठ माणसे कोंबील, कोणी तेल बदलायचे विसरेल. शिवाय एकाच साच्यातले दोन भाग कधी हुबेहूब उतरत नाहीत. या सगळ्यांना सांभाळून घेण्यासाठी तक्त्यात हात राखलेला असतो. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी फार लवकर पाडली तर मिश्रण वेळेआधी भडकते, खडखड ऐकू येते, आणि अखेर पिस्टन फुटतो. डिझेलमध्ये हवेच्या मानाने इंधन अधिक सोडले की काळा धूर आणि बेसुमार उष्णता. त्यात टर्बोचे बेअरिंग आधी जाते. वाढलेला जोर क्लचवर आणि गिअरबॉक्सवर पडतो तो निराळाच.

मुलाच्या गाडीत १.३ लिटरचे फियाटचे डिझेल इंजिन होते. हे इंजिन आपल्या पुण्याजवळ रांजणगावला २०२० च्या सुमारापर्यंत तयार होत असे आणि अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसत असे. त्याचे दोन प्रकार होते, एक ७५ अश्वशक्तीचा, दुसरा ९० चा. मुलाचा समज असा की दोन्हींत फरक केवळ आकड्यांचा. वास्तविक ९० वाल्याचा टर्बोच वेगळा, आतली पाती हलवून हवेचा दाब बदलणारा. कागदावर आकडा वाढविल्याने ती पाती उगवत नाहीत. एरवी टर्बोच्या गाडीत तक्ते बदलून ताकद खरीच वाढते. बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीत मात्र पैशाच्या मानाने हाती फारसे काही लागत नाही. आणि अंधेरी-कुर्ला रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता ती वाढलेली ताकद कोठे वापरावयाची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

यापुढची बाब मात्र ज्याची त्याने ठरविण्याची नाही. काही जण डिझेल गाडीच्या नळीतली काजळीची जाळी काढून फेकतात आणि मेंदूला तिचा विसर पाडतात, म्हणजे दिवा पेटत नाही. पीयूसीच्या केंद्रावर अशी पेट्रोल गाडी उभ्याउभ्या तपासतात, डिझेलचा नुसता काळेपणा मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे तिथे मोजलीच जात नाहीत. म्हणजे कागद स्वच्छ आणि हवा घाण. ही हवा सिग्नलपाशी उभा असलेला हवालदार, रिक्षावाला आणि घाटकोपरच्या रस्त्याकडेच्या खोल्यांतली पोरे घेतात. त्यांना कोणी विचारलेले नसते. कायद्यानेही, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई आहे. विमा आणि वॉरंटी यांवरही पाणी सोडावे लागण्याचा संभव असतो, कारण पुष्कळ डब्या आपण किती वेळा पुन्हा लिहिले गेलो याची मोजदाद ठेवतात.

मग कंपन्या तरी सोवळ्या आहेत का? २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत उघड झाले की फोक्सवागेनच्या डिझेल गाड्यांचा मेंदू आपली तपासणी चालू आहे हे ओळखतो आणि तेवढ्यापुरता सभ्य वागतो. जगभरात अशा १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय संस्थेने रस्त्यावर चाचण्या घेतल्यावर सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलाविण्याचे ठरले, आणि दुरुस्ती म्हणजे काय, तर तोच मेंदू पुन्हा लिहिणे. हरित न्यायाधिकरणाने २०१९ च्या मार्चमध्ये ५०० कोटींचा दंड सांगितला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या वसुलीला आवर घातला. मुलुंडच्या मुलाने आकडे बदलले तर तो गुन्हा, आणि कंपनीने बदलले तर ती 'अभियांत्रिकी', असा न्याय आम्हांला मान्य नाही.

म्हणूनच डबी वाचण्याचा हक्क आणि ती वाटेल तशी लिहिण्याचा हक्क या दोन गोष्टी आम्ही वेगळ्या धरतो. वाचण्याचा हक्क मालकाला आणि त्याच्या मिस्त्रीला पुरता मिळालाच पाहिजे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून. प्रकरण पुढे अपिलात गेले. परंतु कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या मिस्त्र्याला तोवर एवढे कळून चुकले होते की आता आपल्या हातातल्या पान्याला कुलूप लागले आहे. कारखाना बंद पडला की कामगाराचा रोजगार जातो, हे सर्वांना दिसते. डबीला कुलूप लागले की मिस्त्र्याचा जातो, तो कोणाला दिसत नाही. त्याचा मोर्चा निघत नाही.

त्या रविवारी पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. आत लिहिण्याचे काम काही मिनिटांचे, पण ते मध्येच थांबता कामा नये. मुलाने बॅटरीला चार्जर लावला नव्हता, आणि बॅटरी जुनी. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर पडद्यावरची पट्टी अडली ती अडलीच. किल्ली फिरविली तर इंजिन हूं की चूं करीना. मूळ नोंदीची प्रत त्याने पेन-ड्राइव्हवर ठेवली होती, हे त्याचे शहाणपण. गाडी ओढून सीएसटी रोडला नेली. तिथे मिस्त्र्याच्या पुतण्याने डबी फोडून आतल्या पट्टीला तारा लावल्या आणि जुनी नोंद परत भरली. मुलाने ती तशीच राहू दिली.

तेव्हापासून तो मधूनमधून त्या गॅरेजात जाऊन बसतो. परवा आम्ही गेलो तेव्हा एक पेट्रोल गाडी आली होती, समोरचा पिवळा दिवा पेटलेला. मुलाने लॅपटॉप लावला. पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. मेंदू बिचारा वीस टक्के जादा पेट्रोल ओतून तोल सांभाळीत होता. मुलगा म्हणाला, सेन्सर बदलावा लागेल. मिस्त्र्याने त्याला पंखा बंद करायला सांगितले, बॉनेटवर वाकून कान दिला, आणि इंजिनाच्या मागच्या अंगाला हात घालून एक रबरी नळी चिमटीत दाबली. बारीक शीळ थांबली. मुलगा पडद्याकडे पाहत होता. वीसचा आकडा उतरत उतरत दोनावर आला. नळी चिरलेली होती. मिस्त्र्याने नवी घातली, नळीचे आणि मजुरीचे मिळून दीडशे रुपये घेतले, आणि मुलाने दिवा विझविला.